शालेय ग्रंथालयात परस्परसंवादी वेबसाधने : नव्याने सुरुवात करणाऱ्या ग्रंथपालांसाठी

ग्रंथालयाच्या तासिकेला वेबसाधनांची जोड द्यायची असे ठरवले, की पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो. साधनांच्या याद्या संपत नाहीत, प्रत्येक ठिकाणी नवे खाते उघडावे लागते आणि कोणते साधन कशासाठी हे कुणी नीट सांगत नाही. मी हे काम सुरू केले तेव्हा एकाच सत्रात सहा साधने वापरून पाहिली. मुले पडद्यासमोर रमली, हसली, भराभर उत्तरे देत राहिली. पण तासिका संपल्यावर कपाटांकडे न वळता सरळ वर्गात गेली. सत्राअखेरीस देवघेवीची नोंदवही काढून पाहिली, तर वाचनासाठी नेलेल्या पुस्तकांची संख्या जिथल्या तिथेच होती.

त्यानंतर मी प्रत्येक उपक्रमाला एकच कसोटी लावू लागले : हा उपक्रम पूर्ण करण्यासाठी मुलाला एकदा तरी कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हातात घ्यावे लागते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो उपक्रम संगणक कक्षात किंवा वर्गात घेता येईल, पण ग्रंथालयाची मोजकी तासिका त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या सर्व पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

परस्परसंवादी साधन म्हणजे ज्यात विद्यार्थी नुसता बघत बसत नाही, तर काही लिहितो, निवडतो, जोडतो किंवा मत नोंदवतो आणि त्याचा परिणाम त्याला लगेच दिसतो, एवढाच अर्थ इथे धरला आहे.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय असावे

- ग्रंथालयाच्या नावाने उघडलेले स्वतंत्र ईमेल खाते. वैयक्तिक खात्यावर उपक्रम सुरू केले, तर बदली किंवा निवृत्तीनंतर सगळे काम त्या व्यक्तीबरोबर जाते.
- मुख्याध्यापकांची लेखी संमती आणि पालकांचे संमतिपत्र.
- उपलब्ध उपकरणांची यादी : संगणक, टॅबलेट, प्रोजेक्टर आणि चालू स्थितीतले चार्जर.
- पुस्तकांची यादी एखाद्या स्प्रेडशीटमध्ये. निदान दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना त्याला मिळणारा क्रमांक), शीर्षक, लेखक आणि वर्गांक (विषयानुसार ठरणारा क्रमांक) या चार रकान्यांसह.
- खात्यांची नावे, पासवर्ड कुठे ठेवले आहेत त्याची नोंद आणि प्रत्येक उपक्रमाचा दुवा लिहिलेली एक वही.

पुस्तकांच्या यादीबाबत एक सूचना. अनेक ग्रंथालयांतल्या जुन्या याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे अक्षरांसाठी सर्वत्र एकच प्रमाणित संकेत रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये, टंकलिखित केलेल्या असतात. त्या तशाच उचलून वेबसाधनात टाकल्या, तर शीर्षकांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. आधी यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी आणि जोडाक्षरे व रफार नीट उतरले आहेत का हे निदान शंभरएक नोंदी डोळ्यांखालून घालून तपासावे.

१. साधन निवडण्याआधी प्रश्न ठरवा

‘मला पॅडलेट वापरायचे आहे’ इथून सुरुवात करू नका. ‘सहावीची मुले विज्ञानाच्या कपाटाकडे फिरकत नाहीत’ किंवा ‘मुलांना वर्गांक पाहून पुस्तक शोधता येत नाही’ अशा एखाद्या अडचणीपासून सुरुवात करा. अडचण एका वाक्यात लिहिता आली नाही, तर साधनाची गरज अजून निर्माण झालेली नाही असे समजावे. एका वेळी एक इयत्ता, एक अडचण आणि एक साधन एवढ्यावरच पहिले सत्र काढावे.

२. उपकरणे आणि जाळे यांचा खरा हिशेब करा

कागदावर वीस संगणक असतात, पण एकाच वेळी किती चालतात आणि सगळ्यांवर एकदम पान उघडले तर जाळे किती दम धरते, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. शाळा सुटल्यावर दोन सहकाऱ्यांना बोलावून सगळी उपकरणे एकाच वेळी एकाच पानावर नेऊन बघा. शाळेच्या जाळ्यावर संकेतस्थळे अडवणारा फिल्टर असेल, तर घरी व्यवस्थित उघडणारे साधन शाळेत उघडत नाही, आणि ते तासिका सुरू झाल्यावर कळले तर वेळ हातातून निघून गेलेली असते.

मुलांकडे एकही उपकरण नसले, तरी अडून बसण्याचे कारण नाही. प्लिकर्स नावाचे साधन नेमके याच परिस्थितीसाठी आहे. प्रत्येक मुलाला चौकोनी, वेगवेगळ्या आकृतीचे एक छापील कार्ड द्यायचे. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर ठेवून कार्ड धरायचे आणि ग्रंथपालाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की सगळी उत्तरे नोंदली जातात. कुणाचे उत्तर काय हे शेजाऱ्याला ओळखता येत नाही, त्यामुळे बुजरी मुलेही निर्धास्तपणे कार्ड वर करतात. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नये. दिव्याचा प्रकाश त्यावरून परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. जाड, मंद पृष्ठाचा कागद उत्तम.

३. कामाला साजेसे साधन निवडा

साधने शेकडो आहेत, पण ग्रंथालयाच्या कामाला सुरुवातीला पुढची चार-पाच पुरेशी होतात.

पॅडलेट ही एक सामायिक भिंत आहे. मुले तिच्यावर मजकूर, चित्र किंवा आवाज चिकटवू शकतात. पुस्तकांच्या शिफारशी गोळा करण्यासाठी मला यापेक्षा सोयीचे साधन अजून सापडलेले नाही. ‘पुस्तक छान आहे’ अशा पोस्टचा मात्र कुणाला उपयोग होत नाही. म्हणून भिंतीच्या माथ्यावरच तीन अटी लिहाव्यात : पुस्तकाचा दाखल क्रमांक, मनात राहिलेला प्रसंग कोणत्या पानावर आहे तो पृष्ठक्रमांक आणि हे पुस्तक कोणत्या प्रकारच्या वाचकाला आवडेल याविषयी एक वाक्य. पहिल्या दोन अटींमुळे पुस्तक समोर उघडे ठेवल्याशिवाय पोस्ट लिहिताच येत नाही.

मेंटिमीटर झटपट कल घेण्यासाठी उपयोगी आहे. पडद्यावरचा अंकी कोड टाकून मुले मत देतात आणि आलेख किंवा शब्दांचा पुंजका सर्वांसमोर तयार होत जातो. पुढच्या खरेदीत कोणत्या विषयाची पुस्तके घ्यावीत हे मुलांना विचारण्यासाठी मी ते वापरते.

कहूट मुलांना अतिशय आवडते, पण त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. नेहमीच्या पद्धतीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, त्यामुळे सावकाश वाचणारे मूल उत्तर माहीत असूनही मागे पडते, आणि ग्रंथालयात तरी सावकाश वाचण्याची शिक्षा कुणाला होऊ नये. प्रश्नाची वेळ वाढवण्याची आणि गुण बंद ठेवण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी. टोपणनाव मुलांना लिहायला न देता साधनालाच देऊ द्यावे, म्हणजे नको ती नावे पडद्यावर येत नाहीत.

इतिहासाची पुस्तके वाचून कालपट तयार करायचा असेल, तर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने बनवलेले टाइमलाइनजेएस पाहावे. ते गूगल शीटमधल्या नोंदींवरून कालपट रचते, पण त्यासाठी ती शीट वेबवर प्रकाशित करावी लागते. म्हणजे तिच्यातला मजकूर सार्वजनिक होतो, हे ध्यानात ठेवून विद्यार्थ्यांची नावे तिच्यात अजिबात घालू नयेत.

वाचायला देण्यासाठी मुक्त परवान्याचे साहित्य लागले, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीवीव्हर आहे. तिथल्या बहुतेक गोष्टी डाउनलोड करून छापता येतात आणि मराठीतही पुष्कळ गोष्टी आहेत. तरी प्रत्येक गोष्टीचा परवाना वाचून घ्यावा आणि लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवावा. ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानेच्या पाने स्कॅन करून सार्वजनिक भिंतीवर लावणे, किंवा संपूर्ण पुस्तकाचे वाचन ध्वनिमुद्रित करून उघड्या दुव्यावर ठेवणे, हे प्रकाशकाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

४. गूगल फॉर्मचे ‘कुलूप’ : पहिल्या प्रयोगासाठी माझी शिफारस

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला प्रयोग गूगल फॉर्मवर करावा, असे मी आग्रहाने सांगते. दिसायला तो साधा आहे, पण मुलांना कपाटांपर्यंत नेण्यात त्याच्याइतके दुसरे कोणतेच साधन माझ्या कामी आलेले नाही.

उपक्रम असा : फॉर्मचे चार-पाच विभाग करायचे. प्रत्येक विभागात एक कोडे आणि उत्तराची एक रिकामी चौकट. बरोबर उत्तर आल्याशिवाय पुढचा विभाग उघडत नाही. उदाहरणार्थ, ‘पंख आहेत, चोच आहे, पण गोष्टीत नाही, खऱ्या जगात आहे. माझे घर कोणत्या क्रमांकावर?’ ड्युई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, पक्ष्यांचा वर्गांक ५९८. मुलाला ५०० चे कपाट गाठून, पुस्तकांच्या कण्यांवरच्या पट्ट्या वाचत तिथपर्यंत जावे लागते. पुढच्या कोड्यात लोककथांचा ३९८.२ द्यावा. दोन क्रमांक इतके सारखे दिसतात, की दशांश चिन्हाकडे आणि पहिल्या अंकाकडे लक्ष देण्याची सवय मुलांना आपोआप लागते. तिसऱ्या कोड्याला ज्वालामुखी आणि भूकंप, म्हणजे ५५१.२. शेवटच्या विभागात एखाद्या ठरावीक पुस्तकाचा दाखल क्रमांक विचारावा. त्या पुस्तकात आधीच एक चिठ्ठी ठेवलेली असावी.

हे करण्यासाठी प्रश्नाचा प्रकार ‘लघु उत्तर’ ठेवून त्याला उत्तर-पडताळणी लावायची आणि उत्तर चुकले तर दिसणारे वाक्य स्वतः लिहायचे. ‘अवैध उत्तर’ असे कोरडे वाक्य राहू देऊ नये. ‘कपाटाच्या दुसऱ्या फळीवर पुन्हा एकदा बघ’ असे लिहिले, तर मूल हिरमुसत नाही.

यात तीन अडथळे हमखास येतात. पहिला अंकांचा. उत्तर इंग्रजी अंकांत साठवलेले असेल आणि मुलाने देवनागरी अंकांत लिहिले, तर मजकूर म्हणून जुळवणी करणारी पडताळणी ते चूक ठरवते. एका मुलीने सलग चार वेळा अचूक क्रमांक लिहिला आणि चारही वेळा तिला नकार आला; ती पुस्तक छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आली आणि पट्टीवर बोट ठेवून ‘बाई, हेच लिहिलंय ना?’ एवढेच म्हणाली. चूक माझ्या फॉर्मची होती. पडताळणीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हा पर्याय निवडून क्रमांकाची दोन्ही रूपे मध्ये उभी रेघ देऊन लिहिली, की दोन्ही स्वीकारली जातात. शब्दांतली उत्तरे मात्र टाळावीत, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही उत्तर अडते.

दुसरा अडथळा म्हणजे ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा. ती लावली, की प्रत्येकाला गूगल खात्याने आत यावे लागते. फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला तरी तेच होते. ज्या मुलांना खाते नाही, ती दारातच थांबतात.

तिसरा, तुमचे खाते शाळेच्या संस्थात्मक व्यवस्थेतले असेल, तर फॉर्म फक्त संस्थेतल्या खात्यांनाच उघडेल असे सेटिंग आधीपासून लागलेले असू शकते. ते पाहून घ्यावे.

५. वय आणि परवानगी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून पुष्कळजण ती शेवटी ढकलतात. तसे करू नका. अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती ऑनलाइन गोळा करण्याआधी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत हे वय सोळा आहे आणि सदस्य देशांना ते तेरापर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. बहुतेक साधनांच्या अटींत तेराचा उल्लेख दिसतो तो यामुळे. आपल्या शाळेला लागू होणारा नियम मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावा.

व्यवहारात सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे मुलांना खाते उघडायला न लावणे. वर उल्लेखलेली साधने विद्यार्थ्यांच्या खात्याशिवाय वापरता येतात. ओळखीसाठी पूर्ण नाव न घेता पहिले नाव किंवा ठरवून दिलेला क्रमांक घ्यावा. पालकांच्या संमतिपत्रात साधनाचे नाव, मुलाचा कोणता मजकूर तिथे जाणार, तो कोणाला दिसणार आणि कधी काढून टाकला जाणार, या चार गोष्टी साध्या भाषेत असाव्यात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले, ही नोंद ग्रंथालयाने जपायची असते. ‘सर्वाधिक वाचणारे दहा’ अशी यादी भिंतीवर लावण्याचा मोह होतो. पण मोठ्या वयात सोपी पुस्तके वाचणाऱ्या किंवा घरातल्या एखाद्या दुःखाविषयीचे पुस्तक शोधणाऱ्या मुलाला आपले वाचन चारचौघांत यावेसे वाटत नाही. शिफारस करायची की नाही, हे मुलाने ठरवावे.

६. सेटिंग एकेक करून तपासा

माझ्या दुसऱ्या भिंतीचा दुवा वर्गाबाहेर गेला. ‘दुवा असलेला कोणीही लिहू शकतो’ असे सेटिंग मी तसेच राहू दिले होते. संध्याकाळपर्यंत एका मुलीच्या शिफारशीखाली नाव नसलेले दोन टवाळीचे मजकूर आले आणि सकाळी मी भिंत प्रोजेक्टरवर उघडली तेव्हा ते सगळ्या वर्गाने वाचले. त्या मुलीने पुढचे तीन आठवडे काहीही लिहिले नाही. ही चूक टाळायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

पॅडलेटमध्ये प्रत्येक पोस्ट मंजुरीसाठी थांबवून ठेवण्याची सोय आहे. ती पहिल्या दिवसापासून चालू असावी. टिप्पण्या सुरुवातीला बंद ठेवाव्यात. तासिका संपली, की लिहिण्याची परवानगी काढून भिंत फक्त वाचण्यापुरती ठेवावी. आणि कोणतीही भिंत प्रोजेक्टरवर दाखवण्याआधी ती स्वतःच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत वाचावी.

७. विद्यार्थ्याच्या जागी बसून तालीम करा

तुमच्या ब्राउझरमध्ये तुमचे खाते आधीच उघडलेले असते, त्यामुळे तुम्हाला सगळे सुरळीत दिसते. खासगी विंडो उघडून, मुले वापरणार आहेत त्याच उपकरणावर, त्याच जाळ्यावरून दुवा उघडा आणि शेवटच्या बटणापर्यंत जा. लांबलचक दुवे मुलांना टंकायला लावू नका. छोटा दुवा किंवा क्यूआर कोड द्या. देवनागरी कळफलक उपकरणावर बसवलेला आहे का, हेही याच वेळी पाहावे. लहान मुलांना बोलून टंकलेखन करण्याची सोय दाखवली, तर ती मोकळेपणाने लिहितात, मात्र नंतर विरामचिन्हे स्वतः घालायला सांगावीत.

८. पुस्तकांवर क्यूआर कोड लावताना

जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवलेला हा कोड ग्रंथालयाला चांगलाच उपयोगी पडतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर लावलेला कोड वाचून त्या पुस्तकाविषयी दुसऱ्या मुलाने ध्वनिमुद्रित केलेली शिफारस ऐकता येते.

इथला सर्वांत मोठा धोका ‘डायनॅमिक’ कोडचा आहे. असा कोड थेट तुमच्या पानावर जात नाही, तो आधी कोड बनवणाऱ्या सेवेकडे जातो आणि तिथून पुढे वळवला जातो. मोफत मुदत संपली, की कोड बंद पडतो आणि चिकटवलेल्या सगळ्या पट्ट्या वाया जातात. माझ्या अशा दीडशे पट्ट्या वाया गेल्या. नेहमी ‘स्टॅटिक’ कोड बनवावा. त्यात पत्ताच साठवलेला असतो, त्यामुळे तो कुणावर अवलंबून राहत नाही. त्रुटी-दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची ठेवली, तर कोडचा सुमारे ३० टक्के भाग झिजला किंवा मळला तरी तो वाचता येतो, आणि मुलांच्या हातांत फिरणाऱ्या पुस्तकाला त्याची गरज पडतेच. पट्टी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावी, कोडभोवती कोरी जागा सोडावी आणि दाखल शिक्का झाकला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

९. प्रत्यक्ष तासिका

चाळीस मिनिटांची तासिका असेल, तर पहिली पाच सूचनांना, पंचवीस कपाटांपाशी आणि शेवटची दहा देवघेवीला राखून ठेवा. ही शेवटची दहा मिनिटे कुठल्याही कारणाने खेळात जाऊ देऊ नका, कारण नुकतेच हाताळलेले पुस्तक घरी न्यावेसे वाटते ते त्याच क्षणी. मुलांच्या जोड्या कराव्यात, म्हणजे एक उपकरण सांभाळतो आणि दुसरा पुस्तक शोधतो. अर्ध्यावर त्यांची अदलाबदल करावी, नाहीतर उपकरण एकाच्याच हातात राहते. जाळे बंद पडले तर कामी येईल अशी कोड्यांची छापील प्रत टेबलाच्या खणात कायम असावी.

१०. नोंदी उतरवून घ्या आणि जुने काढून टाका

वेबसाधन कायमचे राहील असे गृहीत धरू नये. गूगलचे जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाले, आणि मुलांच्या चित्रफितींसाठी अनेक शाळा वापरत असलेले फ्लिप हे स्वतंत्र साधन म्हणून त्याच वर्षी बंद झाले. मोफत योजनांच्या मर्यादाही न सांगता बदलतात. म्हणून प्रत्येक उपक्रम संपल्यावर त्याच आठवड्यात काम उतरवून घ्यावे : पॅडलेटची भिंत पीडीएफ किंवा स्प्रेडशीट म्हणून, फॉर्मचे प्रतिसाद शीटमध्ये. फाइलच्या नावात वर्ष, इयत्ता आणि उपक्रम लिहावा. शैक्षणिक वर्षाच्या शेवटी ऑनलाइन ठेवलेला मुलांचा मजकूर, संमतिपत्रात कबूल केल्याप्रमाणे, काढून टाकावा आणि तसे वहीत तारखेसह नोंदवावे.

उतरवलेली पीडीएफ नुसती संगणकात पडून राहू देऊ नका. गेल्या वर्षीच्या शिफारशींची भिंत मी मुलांच्या संमतीने छापून, बांधणी करून घेतली, तिला दाखल क्रमांक दिला आणि दाराजवळच्या फळीवर ठेवली. पाचवीची मुले आत आली, की आधी तिची पाने उलटतात, एखाद्या दाखल क्रमांकावर बोट ठेवतात आणि तो मनात घोळवत कपाटाकडे जातात.